लेआंद्रोची पिंपं

निएवेसनं तोंड उघडायला नको होतं. मेणबत्ती जिच्या हातात, शब्द तिचा. हे काय तिला नव्यानं सांगायला हवं होतं? सून म्हणून घरात आली तेव्हापासून सातुर्निनानं तिचं किती काय पोटात घातलं होतं. ती स्कूटरवर बसून मळ्यात जाते, चर्चमध्ये मागच्या बाकावर दाराशी बसते, फोनवर बोलताना खिदळते, आणि नवरा जाऊन सात वर्षंही झाली नाहीत तोच गळ्याला हिरवा रुमाल बांधते. चालवून घेतलं. हिरवा तर हिरवा, गळा तिचा आहे. पण आज सकाळी तळघरात, तोटी सांभाळणाऱ्या क्रिस्पिनच्या आणि दोन गड्यांच्या देखत, सासूच्या हातात मेणबत्ती असताना ती म्हणाली, "बस." आणि क्रिस्पिननं तोटी बंद केली. तिच्या शब्दावर. चाळीस वर्षं ज्या माणसानं सातुर्निनाचा आवाज कानात साठवला, तो क्रिस्पिन सुनेच्या शब्दावर हलला, आणि मग आपण काय केलं हे कळून जमिनीकडे बघत उभा राहिला.

काम तसं साधं. वरच्या पिंपातली वाईन तोटीनं खालच्या पिंपात उतरवायची, पंप नाही, घाई नाही, तिचं तिनं उतरायचं. तळाशी गाळ बसलेला असतो तो वरच राहिला पाहिजे. म्हणून एकानं तोटीशी बसायचं, धारेतला घोटभर पेल्यात घ्यायचा, पेला मेणबत्तीच्या ज्योतीपुढे धरायचा, बघायचं, ओतायचा, पुन्हा घ्यायचा. ज्योत स्वच्छ दिसते तोवर वाहू द्यायचं. पहिली धुरकट रेघ आली की म्हणायचं, "बस." एवढ्या एका शब्दासाठी माणूस सकाळभर थंड फरशीवर स्टुलावर बसतो. बाकी कुणी बोलायचं नसतं. सातुर्निना लग्न होऊन आली तेव्हा सासरा मेणबत्ती धरायचा, आणि त्याच्या भावानं एकदा नुसतं खाकरून सुचवलं, तर म्हाताऱ्यानं मेणबत्ती विझवली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. अर्धं पिंप तसंच राहिलं दुसऱ्या दिवसापर्यंत. घराणं म्हणजे ते.

तिनं मेणबत्ती विझवली नाही. ती म्हणाली, "वारा फिरलाय. दक्षिणेचा वारा सुटला की गाळ वर येतो. मी म्हणतच होते, आज नको." आणि निएवेस लगेच म्हणाली, "हो ना आई. मघाशी दारात उभी होते तेव्हा मलाही जाणवलं." दारात उभी होते म्हणे. ज्योत त्या वेळी सरळ उभी होती, देवापुढच्यासारखी, आणि बाहेर डोंगराकडून उत्तरेचा वारा असा कोरडा वाहत होता की ओठ फुटावेत. ते तिला माहीत, क्रिस्पिनला माहीत, त्या दोन गड्यांनाही माहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. वारा फिरलाय, वारा फिरलाय. लहान मूल पडलं की मोठी माणसं जमिनीला मारतात, तसं. सातुर्निना उठली, स्कर्टवरचं मेण नखानं खरवडलं, आणि कुणाला काही न सांगता चालू लागली.

स्टेशनकडच्या तळघरांपासून आरो गावात यायचं तर तिरोन नदीचा पूल ओलांडून चढ चढावा लागतो. निएवेस नेहमी म्हणते, आई, गाडीनं सोडते. पायांना काय धाड भरलीय. पुलावर ती थांबली. खाली पाणी गढूळ होतं, वर कुठेतरी बर्फ वितळत असावं. पलीकडे स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज झाला आणि तिच्या छातीत तो आवाज उगीचच दोनदा वाजला. चाळीस वर्षं. सासऱ्यानं स्वतःच्या मुलाला, तिच्या नवऱ्याला, बासिलिओला मेणबत्ती दिली नव्हती. बासिलिओ बोलघेवडा. तोटीशी बसला की गोष्टी सांगायचा, आणि गोष्ट संपेस्तोवर गाळ खाली. लेआंद्रो, तिचा मुलगा, म्हाताऱ्याचा नातू, त्याला एकदा देऊन पाहिली. तो दुसऱ्या टोकाचा. घाई. बादलीभर स्वच्छ वाईन वर ठेवून 'बस' म्हणून मोकळा. म्हातारा म्हणाला, "याला गाळ दिसत नाही, जेवण दिसतं." सगळे हसले, लेआंद्रो सगळ्यांत मोठ्यानं. मग म्हाताऱ्याची नजर कोपऱ्यात पिंपं धुणाऱ्या सुनेवर गेली. द्राक्षं तोडणाऱ्याची पोर, दोन हिवाळे शाळेत गेलेली, सही करताना जीभ बाहेर काढणारी. "सातुर, इकडे ये. तू कमी बोलतेस." तेवढ्यावर दिली. आणि ती खरंच कमी बोलायची तेव्हा. नंतर ज्या दिवशी शब्दाला किंमत आली त्या दिवसापासून तिनं बोलायला सुरुवात केली, आणि मग गावानं तिला मानानं दोन्या सातुर्निना म्हणायला आणि पाठीमागे विळी म्हणायला एकदमच सुरुवात केली. दोन्ही तिला ठाऊक होतं. विळी तर विळी. धार असल्याशिवाय कोण म्हणतं.

चौकात पावाच्या दुकानात इलारिया गल्ल्यावर बसली होती. नेहमीसारखी चुरुचुरु बोलली नाही. पाव कागदात गुंडाळला, जरा जास्तच नीट गुंडाळला, आणि हळूच म्हणाली, "दोन्या सातुर, माझ्या बहिणीचं मोतीबिंदूचं झालं गेल्या महिन्यात. लोग्रोन्योला. दुखत नाही म्हणे अजिबात. सकाळी जायचं, दुपारी घरी."

"तुझ्या बहिणीला दिसायला लागलं का मग?"

"लागलं ना. टीव्ही बघते."

"मग आता तिला तिचा नवरा दिसेल. बिचारी."

इलारिया हसली, पण डोळ्यांत ते होतंच, ती ओलसर दया. म्हणजे बातमी पुलावरून तिच्याआधी चढून आली होती. गड्यांतल्या एकाच्या बायकोची मावशी इलारिया. सातुर्निना बाहेर आली आणि चौकातच उभी राहिली. समोर चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्याचं घरटं, आणि मादी चोचीत काडी घेऊन उतरत होती. काडी दिसली. काडीला पान होतं, वाळलेलं, एकच. तेही दिसलं. तिचे डोळे तिच्या आईचे, नव्वदीत सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचे. मोतीबिंदू म्हणे. ती चिडून दोन पावलं दुकानाकडे वळली, इलारियाला त्या पानाचं सांगावं म्हणून, आणि थबकली. सांगायचं काय? की मला दिसतं? मग पुढचा प्रश्न कोण विचारणार नाही? दिसत होतं, तर बोलली का नाहीस?

हा प्रश्न तिला पुलावरच भेटला होता. ती त्याला टाळून चढली होती, ओळखीच्या माणसाला रस्ता बदलून टाळावं तशी. आता तो चौकात आडवा आला. दिसली होती रेघ. निएवेसच्या आधी दिसली होती. पेला ज्योतीपुढे धरला तेव्हा मधला रंग डाळिंबाच्या दाण्याचा होता आणि कडेला जुन्या विटेचा, जसा सातव्या वर्षी असायला हवा तसा, आणि त्यातून एक बारीक करडी रेघ वर चढली, नुकत्याच विझवलेल्या वातीतून चढते तशी. शब्द जिभेवर आला. जिभेवरच बसला. तिनं पेला ओतला, पुन्हा भरला. आता दोन रेघा. आणि ती बघत राहिली. तिला त्या बघायच्या होत्या. एवढंच. गावानं आंधळी म्हटलं तर बरंच की, आंधळेपणात लाज नाही. पण सातुर्निना गाळाकडे बघत बसली हे कुणाला कळलं तर चाळीस वर्षं पाण्यात.

ही पिंपं लेआंद्रोची. म्हणजे सगळीच पिंपं घराची, पण ही त्याच्या शेवटच्या सुगीची. एब्रो नदी जिथे मळ्याला वळसा घालते तिथल्या गोट्यांच्या उतारावरची द्राक्षं, तारांवर न चढवलेल्या, गुडघ्याएवढ्या, म्हाताऱ्या वेलींची. त्या साली पाऊस वेळेवर थांबला होता आणि लेआंद्रो रोज संध्याकाळी बोटं जांभळी करून यायचा आणि म्हणायचा, "आई, असं साल बाबांनीपण नाही पाहिलं." टाक्यात वाईन फसफसून शांत झाली, तोटीनं काढून पिंपांत भरली. मग टाक्याच्या तळाशी सालींचा चोथा उरतो, तो फावड्यानं ओढायला माणसानं आत उतरावं लागतं. उतरण्याआधी दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडायची, हे इथलं पोरही जाणतं. जळत राहिली तर उतरायचं. विझली तर आत माणसासाठी हवा नाही, दार उघडं टाकून दुसरं काम बघायचं. त्या दिवशी मेणबत्ती विझली. लेआंद्रो हसला म्हणे. "वात ओली आहे. दुसरी आण." क्रिस्पिन दुसरी आणायला गेला. कोपऱ्यातल्या कपाटापर्यंत, तेवढंच. परत आला तेव्हा लेआंद्रो आत होता, गुडघ्यांवर बसलेला, चोथ्यात, काहीतरी पडलेलं शोधत असल्यासारखा. घाई. जन्मतानाही दाई येण्याआधी आला होता तो.

तो चोथा तिनं पिळू दिला नाही. मळ्यात पुरला. पण वाईन आधीच पिंपांत होती, तिचं काय पाप? गावात कुणी म्हणालं, ओतून टाका. लोग्रोन्योचा व्यापारी तिसऱ्या वर्षी आला, बाटल्यांत भरा म्हणाला, नाव होईल. तिनं त्याला घोटभरही दिली नाही. अजून लाकूड हवं, ती म्हणाली, घाई नको, जुन्या पद्धतीनं करायचं तर थांबावं लागतं. आणि ते खोटंही नव्हतं. चौथ्या वर्षी खोटं नव्हतं. पाचव्या वर्षी अर्धं खोटं होतं. लाकडातून वाईन उडते, थोडी थोडी, श्वासासारखी. पिंप थोडंही रिकामं राहिलं तर वाईन आंबते, म्हणून भरत राहावं लागतं, आणि लेआंद्रोची वाईन भरायची ती लेआंद्रोच्याच वाईननं, दुसऱ्या सालाचा थेंब तिनं पडू दिला नसता. मग दर वर्षी एक पिंप मोडायचं आणि बाकीची भरायची. पुढच्या वर्षी आणखी एक. तळघरातली ती रांग भिंतीकडून आखडत आली होती. निएवेस एकदा म्हणाली होती, जेवताना, ताटात बघत, "अशानं आई, एक दिवस काही उरणार नाही." सातुर्निनानं तिला मीठ मागितलं होतं.

आणि गाळ. प्रत्येक वेळी वाईन उतरवली की मागे राहिलेला गाळ गरम पाण्यानं धुवून गटारात सोडतात, तिथून तिरोनमध्ये. आधीच्या वर्षी गाळ घट्ट होता, जांभळा, हाताला लागला तर दोन दिवस जायचा नाही. त्यात त्या सुगीच्या द्राक्षांच्या साली होत्या, गोट्यांची धूळ होती, जे काय त्याच्या बोटांना लागलं होतं ते सगळं होतं. दर खेपेला कमी होत गेला. वाईन निवळत गेली, सुंदर होत गेली, आणि तो गटारातून वाहत गेला. आज पिंपाच्या तळाशी फक्त धूर होता, बोटभर. यापुढे काही येणार नाही. यापुढे मेणबत्तीपुढे पेला धरला तर ज्योतच दिसणार, स्वच्छ. म्हणून ती बघत राहिली. येऊ दे, असं तिच्या मनात आलं, येऊ दे खाली, जाऊ दे आत, राहू दे. तिच्या, सातुर्निनाच्या मनात. जिनं आयुष्यभर गाळ अडवला.

घर चौथ्या मजल्यावर. लिफ्टमधल्या आरशाकडे तिनं पाठ केली. शुक्रवार होता, उपासाचे दिवस. खारवलेला मासा काल रात्रीपासून भिजत घातला होता, तिनं त्याचं पाणी ओतलं, टोमॅटो आणि सुक्या लाल मिरच्या परतायला घेतल्या. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आलं तर बरं झालं असतं, पण कांदा निघाला नरम आणि गोड, त्यानंही साथ दिली नाही. दीड-दोनच्या सुमाराला दाराचं कुलूप वाजलं. निएवेस आत आली, हेल्मेट बाकावर ठेवलं, हात धुतले. टेबलावर तिनं काचेची छोटी सुरई ठेवली, वीतभर उंच, कापडाची बुची लावलेली.

"काय ते?"

"आजची. बंद करण्याआधीची, स्वच्छ."

"मी सांगितली होती आणायला?"

"नाही."

"आजकाल न सांगता पुष्कळ होतं."

निएवेसनं ताटं मांडली, पाव हातानं तोडून सासूच्या ताटाशी ठेवला. दोघी जेवायला बसल्या. मग सातुर्निना म्हणाली, "इलारिया माझे डोळे कापायला लोग्रोन्योला पाठवतेय. दुखत नाही म्हणे. सगळ्या गावाला सांगून आलीस का तू, सासू आंधळी झाली म्हणून?"

"मी कुणाला काही सांगितलं नाही. तुम्ही आंधळ्या नाही झालात."

"तुला काय ठाऊक?"

"तुम्हाला माझ्या आधी दिसलं." निएवेस पाणी प्यायली. "रेघ आली तेव्हा तुमचा खांदा उचलला. नेहमी उचलतो. बोलायच्या आधी उचलतो. मी बारा वर्षं तुमच्या मागे उभी राहतेय आई, मला पेला दिसत नाही, मला खांदाच दिसतो. खांदा उचलला आणि शब्द आला नाही. मी थांबले. तुम्ही पुन्हा पेला भरलात. मी तेव्हाही थांबले."

"मग थांबायचं होतंस."

"आणखी थांबले असते तर पिंप गेलं असतं."

"गेलं असतं तर गेलं असतं. माझं पिंप, माझ्या मुलाचं."

"माझ्या नवऱ्याचं," निएवेस म्हणाली. आवाज चढला नाही. तिनं मानेमागे हात नेऊन तो हिरवा रुमाल सोडला आणि घडी करून मांडीवर ठेवला, गरम होत असावं तसं. "मी तळघरात कधी रडले नाही, ते तुम्हाला आवडत नाही हे मला माहीत आहे. तुम्हाला वाटतं मला काही होत नाही. मी रोज स्कूटरवर रडते, आई. वाऱ्यानं सुकतं. मळ्यात पोचते तोवर चेहरा बरा झालेला असतो. तुम्ही गाळ बघत होतात. मला कळलं का बघताय. मलाही बघायचा होता. पण दोघी बघत बसलो असतो तर वाईन कुणी वाचवली असती?"

सातुर्निना ताटाकडे बघत होती. टोमॅटोचा लाल रस पावात शिरत होता, हळूहळू, आणि ती तो शिरताना बघत राहिली. तिला राग यायला हवा होता. तो आला, दारापर्यंत आला, आणि आत काय चाललंय बघून परत गेला. या पोरीचा चेहरा तिनं इतक्या वर्षांत कधी नीट पाहिला नव्हता. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या, वाऱ्याच्या. तिला वाटायचं हसून हसून पडल्यात. सात वर्षं दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना झोपल्या, आणि प्रत्येकीला वाटलं पलीकडे कुणी तरी निजलेलं आहे.

"वारा फिरलाय असं का म्हणालीस मग? माझ्या खोट्याला कशाला हात लावलास?"

"क्रिस्पिन बघत होता."

तेवढंच. सातुर्निनानं सुरईची बुची काढली. दोन पेले घेतले, वाईनचे खास नव्हेत, रोजचेच, पाण्याचे. ओतली. खिडकीतून दुपारचं ऊन थेट टेबलावर येत होतं आणि वाईन त्यात हलली, पातळ, हलकी, मागच्या माणसाचा चेहरा दिसावा इतकी. वास आधी आला: वाळत घातलेली चेरी, जुनं कातडं, पावसानंतर तापलेले गोटे, आणि कुठून तरी संत्र्याची साल. तिनं घोट घेतला. रेशमासारखा आत गेला. त्यात मळ्याचा उतार होता, ते साल होतं, संध्याकाळची जांभळी बोटं होती, सगळं होतं, एकमेकांत मिसळलेलं, कुणी कुणाला धक्का न मारता. आणि मग, जिथं चव आणखी थोडी चालायला हवी होती, गळ्याखाली उतरतानाही मागे वळून बघायला हवी होती, तिथं ती थांबली. तिथं नुसतं लाकूड होतं. कोरडं, रिकाम्या कपाटासारखं. गेल्या वसंतातही ती तिथेच थांबली होती, जराशी. तिनं तेव्हा पेला खाली ठेवून मीठ जास्त झालंय म्हटलं होतं. अजून एक वर्ष लाकडात, आणि हे पुढचंही जाईल. मग रंग राहील आणि रंगाला धरून बसावं लागेल. निएवेसनंही घोट घेतला होता. ती सासूकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती, आणि तिचा गळा घोट गेल्यावरही हलत होता.

खालच्या रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका गेला आणि ओसरला. सातुर्निनानं पावाच्या तुकड्यानं ताट स्वच्छ पुसलं, तुकडा खाल्ला, हात पुसले. मग ती सुनेकडे तोंड करून बसली, तळघरात हिशेबाला बसायची तशी, ताठ.

"ऐक. मेणबत्ती दुसऱ्याच्या हातात असताना या घरात आजवर कुणी तोंड उघडलं नाही. तू उघडलंस. ते मला आवडलेलं नाही आणि मरेपर्यंत आवडणार नाही, उगाच आशा धरू नकोस. पण तू म्हणालीस ते वेळेवर म्हणालीस. मी नसते म्हणाले. सोमवारी बाटल्या धुवायला घे. सगळी पिंपं. एकही मागे ठेवायचं नाही, मी मागितलं तरी नाही. आणि बाटलीवर त्याचं नाव घालू नकोस, निएवेस. लोक आधी हळहळतील आणि मग पितील. चांगली झालीय. तिला तिच्या चवीवर जाऊ दे."